त्वचेचा लिम्फोमा सुरू कुठून होतो? जनुक बदललेल्या उंदरांवर हे काम कसं करायचं

आपल्या यवतमाळ-गडचिरोलीकडे अंगावर फिका चट्टा दिसला की घरच्यांना आधी कुष्ठरोगाची भीती वाटते, नाहीतर गजकर्ण समजून मेडिकलमधून स्टेरॉइडचं मलम आणतात. बहुतेक वेळा चट्टा साधाच निघतो. पण क्वचित तो टी-पेशींचा (रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) कॅन्सर असतो, मायकोसिस फंगॉइडिस, म्हणजे त्वचेच्या लिम्फोमाचा एक प्रकार, आणि तो कळायला कित्येक वर्षं जातात कारण सुरुवातीची बायोप्सी एक्झिमासारखीच दिसते. पेशंट आपल्यापर्यंत येतो तोवर सुरुवात मागे पडलेली असते, उंदरात मात्र जनुक आपणच बदलतो म्हणून पहिला दिवस कोणता ते माहीत असतं. गावाकडून एमएस्सी करून लॅबमध्ये चाललेली पोरं-पोरी विचारून राहिली म्हणून हे लिहून राहिले.

आधी परवानग्या. हे काम घरी किंवा साध्या कॉलेजात होत नाही, सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी सरकारी समिती) नोंदणी असलेलं प्राणीगृह लागते, संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आणि जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा एसीला जनरेटरचा बॅकअप आहे का हे पहिल्या दिवशीच विचारा, खोली तापली की पिल्लं होणं बंद पडते.

मग जनुक निवडा. पेशंटच्या पेशींत टीपी५३, एआरआयडी१ए, झेडईबी१ हे गेलेले दिसतात, पीएलसीजी१, सीडी२८ हे जास्तीचे चालू झालेले दिसतात. एकट्या जनुकावर सहसा भागत नाही. २०१७ मध्ये नेचरमध्ये आलेल्या कामात टी-पेशींत आयटीके-एसवायके हे जोडजनुक चालू केलं होतं, आणि पीडी-१ चा (टी-पेशींना आवर घालणाऱ्या प्रथिनाचा) ब्रेक काढल्यावर लिम्फोमा भराभर वाढला. दुसरीकडे आयएल-१५ (टी-पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन) जास्त बनवणाऱ्या उंदरांना त्वचेचाच लिम्फोमा झाला, म्हणजे आजूबाजूची सूजही कारण असू शकते.

आता खरी मेख. बीटी कापसात बाहेरचं जनुक झाडाच्या सगळ्या पेशींत असते, इथं तसं नको. जनुकाच्या दोन्ही बाजूला लॉक्स खुणा टाकतात आणि क्री नावाचं एन्झाइम जिथं बनते तिथंच तो तुकडा कापला जातो. बहुतेक जण सवयीने सीडी४-क्री (सीडी४ प्रकारच्या टी-पेशींसाठीचं क्री) घेतात, पण ते थायमसमध्येच (छातीतली ग्रंथी, जिथं टी-पेशी तयार होतात) काम सुरू करते, त्यामुळे सीडी८ पेशीही बदलतात. पी५३ पूर्ण काढलेल्या उंदरांत थायमसचा लिम्फोमा होऊन उंदीर काही महिन्यांतच मरतात, त्वचेचा प्रश्न बाजूलाच राहते. म्हणून माझं स्पष्ट मत, सुरुवात शोधायची असेल तर टॅमॉक्सिफेन या औषधाने चालू होणारं क्रीच घ्या, उंदीर मोठा होऊ द्या, पाठीचे केस काढून थोड्या जागेवर औषध लावा. ते रक्तातही उतरते आणि उंदीर एकमेकांना चाटतात, त्यामुळे लिम्फ नोड आणि प्लीहेत किती पेशी बदलल्या हे तपासायचंच. सोबत टीडीटोमॅटोसारखा लाल चमकणारा रिपोर्टर (खूण दाखवणारं जनुक) असला की बदललेली पेशी कुठे गेली ते दिसते.

ब्रीडिंगचं गणित सोपं आहे. तीन आठवड्यांत पिल्लं, २१ दिवसांनी आईपासून वेगळी, कानाचा बारीक तुकडा घेऊन पीसीआर (कोणतं जनुक आहे ते पाहणारी चाचणी). दोघांकडे लॉक्सच्या दोन्ही प्रती आणि एकाकडे क्रीची एक प्रत असेल तर अर्धी पिल्लं कामाची. कंट्रोल (तुलनेचे उंदीर) त्याच वेतातली भावंडं घ्या, क्री नसलेली, आणि क्री आहे पण लॉक्स नाही असेही वेगळे ठेवा. टॅमॉक्सिफेन सगळ्यांना सारखंच.

बघताना घाई करू नका. काळ्या सी५७ जातीत केस उगवायच्या वेळी कातडी आपोआप गडद होते, तो चट्टा नव्हे. याच जातीत खाजवून जखमा होणं नेहमीचं, नर भांडून चावतात, माइट्सही (अंगावरचे बारीक किडे) असू शकतात. म्हणून कोणत्या पिंजऱ्यात कोणते उंदीर आहेत हे माहीत नसलेल्या माणसाकडून चट्ट्यांना गुण द्यायला लावा, कॅलिपरने कानाची जाडी मोजा, फोटो ठेवा.

काही उंदरांची त्वचा चट्टा दिसायच्या आधीच घ्यायची, याच्यासाठीच एवढा खटाटोप. टी-सेल रिसेप्टरचं (टी-पेशीची ओळखखूण असलेल्या जनुकाचं) सिक्वेन्सिंग करून एकाच पेशीची वंशावळ वाढून राहिली का ते बघा, सूज असेल तर पेशी मिसळीच्या निघतात, पण थोडी एकसारखी वाढ सुजेतही होते, तेव्हा त्याच पेशी दुसऱ्या उंदरात टाकून तिथं रोग होतो का ते तपासल्याशिवाय कॅन्सर म्हणू नका. वजन २० टक्के घटलं किंवा गाठ फुटली तर उंदराला वेदना न होता संपवायचं, प्रयोगासाठी अजून एक आठवडा थांबू असं म्हणायचं नाही.

उंदराच्या वरच्या कातडीत गॅमा-डेल्टा (एका वेगळ्या प्रकारच्या) टी-पेशींची जी दाट जाळी असते तशी माणसात नसते, त्यामुळे मिळालेलं प्रत्येक निरीक्षण त्वचारोग विभागातल्या जुन्या बायोप्सी ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेल्या पेशंटच्या त्वचेच्या तुकड्यांवर) पडताळा, आणि त्यांच्याशी बोलणी प्रयोग सुरू व्हायच्या आधीच करून ठेवा, कारण ब्लॉक वापरायलाही वेगळी मंजुरी लागते.