नॉर्थ स्लोपच्या तेलविहिरींचं पाणी तपासताय? या चुका टाळा

बाटलीवर ‘फॉर्मेशन वॉटर’ लिहिलं म्हणून आतलं पाणी खडकातलं होत नाही. अलास्काच्या नॉर्थ स्लोपवरचे नमुने हातात आले की नवी मुलं नेमकं हेच विसरतात.

एकदा एका नमुन्यात पोटॅशियम बेसुमार आलं. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला 400 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. इथे त्याच्या कित्येक पट. आमच्या नव्या सहकाऱ्याने दोन दिवसांत कागदावर प्राचीन समुद्र आटवला, मिठाचे थर बसवले, नकाशाही रंगवला. मी एवढंच विचारलं, ‘मडचा रिपोर्ट पाहिलास?’ नव्हता पाहिला. शेल, म्हणजे चिकणमातीचा खडक, फुगू नये म्हणून ड्रिलिंग मडमध्ये, म्हणजे विहीर खणताना आत सोडतात त्या चिखलात, पोटॅशियम क्लोराइड सर्रास घालतात, तसं इथेही घातलेलं. चाचणीत आधी वर आलं ते खडकात मुरलेलं मडचंच पाणी. तेव्हापासून मडचा रिपोर्ट मिळेपर्यंत मी बाटलीचं झाकण उघडत नाही. आणि एका नमुन्यावर तर बोलतच नाही. विहीर वाहती ठेवून ओळीने चार-पाच घ्यायचे. पोटॅशियम उतरत उतरत एका आकड्यावर टिकलं की शेवटचा धरायचा. तोवर रिगचं भाडं चढतं, साहेब ओरडतात. ओरडू देत.

दुसरं डोक्यात जातं ते अल्कलिनिटीचं, म्हणजे पाणी किती आम्ल पचवतं त्या मापाचं. टायट्रेशन केलं, म्हणजे थेंबथेंब आम्ल घालून ते मोजलं, की आलेला सगळा आकडा बायकार्बोनेटच्या रकान्यात! नॉर्थ स्लोपवरच्या प्रुडो बे या तेलक्षेत्राचा साठा साधारण 2,700 मीटर खोल, तापमान 90 अंशांच्या पुढे. तेलाला लागून असलेल्या अशा पाण्यात अ‍ॅसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचं रूप) असतं आणि टायट्रेशनमध्ये तेही आम्ल खातं. ते वेगळं मोजलं नाही, तर संगणक नसलेलं कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) दाखवत बसतो.

नमुना गोठू देऊ नका. बर्फ होतो नुसत्या पाण्याचा. क्षार उरलेल्या पाण्यात दाटतात आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं. बाटली वितळली तरी ते सगळं परत विरघळत नाही. ती पांढरी भुकटी तशीच ठेवून वरचं नितळ पाणी यंत्रात घालणारे महाभाग मी पाहिलेत. मी बाटल्या जॅकेटच्या आत घालून ट्रकपर्यंत नेतो. हसतात लोक.

पीएच विहिरीपाशीच मोजा. धातू मोजण्यासाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालायचं ते गाळल्यावर, आधी नाही.

आणि बेरियम वगळू नका. दाब टिकवायला समुद्राचं पाणी साठ्यात सोडलं, तर त्यात लिटरला साधारण 2,700 मिलिग्रॅम सल्फेट असतं. खालच्या पाण्यातल्या बेरियमशी त्याची गाठ पडली की पाइपात बराइट, म्हणजे बेरियम सल्फेट, बसतं, आणि ते साध्या आम्लाने निघत नाही.