खऱ्या केसांच्या विगवर स्ट्रेटनर फिरवताना या चुका टाळा

विग घ्यायला गेलं की दुकानात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "खरे केस आहेत ताई, काहीही करा. सरळ करा, कुरळे करा, रंगवा." वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. केस खरे असले तरी ते आता कुणाच्या डोक्यावर वाढत नाहीत. आपल्या केसाला मुळाशी तेलग्रंथी असते, तिचा स्निग्धपणा केसावर उतरत राहतो. टोकं करपली तरी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर नवा केस येतो आणि करपलेलं टोक कापून टाकता येतं. विगच्या बाबतीत व्याज शून्य, सगळा खर्च मुद्दलातून. एकदा जास्त तापवला की तो केस तसाच राहणार.

त्यात हा केस दुकानात येण्याआधीच बरंच सोसून आलेला असतो. तिरुमलासारख्या देवस्थानांत भाविकांनी अर्पण केलेले केस लिलावात विकले जातात आणि त्यांतून उत्तम विग बनतात. पण जाड, काळ्या भारतीय केसाला तपकिरी किंवा सोनेरी करायचं तर आधी ब्लीच, मग रंग. हलक्या मालात मूळ आणि टोक उलटसुलट झालेले केस एकत्र केलेले असतात. त्यांच्यावरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकून गुंता होऊ नये म्हणून केस आम्लात बुडवून खवलेच काढून टाकतात आणि वरून सिलिकॉनचा मुलामा देतात. दुकानात असा विग लखलखतो. काही धुण्यांत मुलामा उतरला की खालचा उघडा, कोरडा केस हाताला लागतो, आणि नेमकं तेव्हाच आपण "जरा प्रेस करू या" म्हणून स्ट्रेटनर तापवतो.

केस माणसाचेच आहेत हे न तपासणं

"ह्युमन हेअर" म्हणून विकलेल्या विगमध्येही नायलॉन किंवा दुसरे कृत्रिम धागे मिसळलेले असू शकतात. तपासायला सोपं आहे. मागच्या बाजूने, आतल्या थरातून एक-दोन केस कापा, चिमट्यात धरा आणि सिंकवर काडी लावा. माणसाचा केस चुरचुरत जळतो, पिसं जळल्यासारखा वास येतो आणि बोटांनी चोळलं की राख होते. कृत्रिम धागा वितळत आक्रसतो, प्लास्टिकचा वास येतो आणि टोकाला कडक मणी उरतो. एकाच जागेचा केस पाहून निकाल लावू नका; समोरचे, टाळूवरचे आणि मानेजवळचे असे तीन ठिकाणचे पाहा.

थोडे पांढरे, थोडे काळे असे विग घेणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. माणसाचा पांढरा केस उष्णतेने आणि उन्हाने पिवळट होतो, म्हणून अशा विगमध्ये काळे केस खरे आणि पांढरे धागे कृत्रिम अशी जोडी बऱ्याचदा असते. स्ट्रेटनर फिरवल्यावर काळे केस छान सरळ होतात आणि पांढरे मात्र वेडेवाकडे उभे राहतात, ते त्यामुळेच. पांढरे धागे एखाद-दुसरेच असले तरी जाळून तपासायचे ते तेच.

नऊवारीवर खोपा किंवा अंबाडा घालायला बाजारातून आणलेल्या गंगावनालाही हीच परीक्षा. काळंभोर, एकसारखं चमकणारं आणि स्वस्त मिळालेलं गंगावन बहुतेक वेळा नायलॉनचंच निघतं. त्याला स्ट्रेटनरजवळही नेऊ नका.

आपल्या केसांचं तापमान विगला लावणं

पार्लरमध्ये केराटिन किंवा स्मूदनिंग करताना स्ट्रेटनर २१० ते २३० अंशांपर्यंत जातो. विग घेऊन गेलात आणि काही बोलला नाहीत, तर मशीन त्याच आकड्यावर असण्याची शक्यता मोठी. विगसाठी सुरुवात १२० अंश सेल्सिअसला करावी. ब्लीच केलेला किंवा बारीक केस असेल तर १४० च्या पुढे जायची गरज सहसा पडत नाही. न रंगवलेला जाड भारतीय केस १६० पर्यंत चालतो. १८० ही मी लक्ष्मणरेषा मानते. त्या आकड्याला केस सरळ होत नसेल तर अडचण तापमानाची नाही, दुसरीकडे आहे.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या मशीनवर आकडे फॅरनहाइटमध्ये असू शकतात. तिथला ३०० म्हणजे जवळजवळ १५० सेल्सिअस, ३५० म्हणजे १७७ आणि ४५० म्हणजे २३२. अमेरिकेतून आलेलं मशीन असेल तर मागचं लेबलही वाचा. तिथे वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. लेबलवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं नसेल तर नुसता पिनचा अडॅप्टर लावून भागत नाही; मशीन बेफाम तापतं किंवा जळतं.

ज्या स्ट्रेटनरला आकडाच नाही, फक्त चालू-बंद बटण आणि लाल दिवा आहे, तो विगसाठी वापरू नये असंच माझं मत आहे. नाइलाज असेल तर पांढरा टिश्यू पेपर पट्ट्यांमध्ये काही सेकंद धरून पाहा. पिवळा पडला तर मशीन फारच तापलंय. मात्र पांढरा राहिला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. कागद पिवळा पडण्याच्या बऱ्याच आधी केसाचं नुकसान सुरू होतं.

"वरून कोरडा लागतोय" म्हणून घाई करणं

सगळ्यांत जास्त विग इथे जातात. केसाच्या आत पाणी असताना त्यावर गरम पट्ट्या दाबल्या की त्या पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून केसाच्या गाभ्यात बुडबुडे तयार होतात. त्वचारोगतज्ज्ञ याला 'बबल हेअर' म्हणतात. डोळ्यांना बुडबुडे दिसत नाहीत. दिसतं ते इतकंच, की काही दिवसांनी केस मधूनच तुटायला लागतो आणि तुटलेलं टोक खरखरीत लागतं. ओला केस कोरड्यापेक्षा कितीतरी कमी तापमानाला खराब होतो, त्यामुळे "मशीन तर १५० वरच होतं" हे समर्थन इथे चालत नाही.

विग वाळायला आपल्या अंदाजापेक्षा जास्त वेळ घेतो. केसांची लांबी वाळलेली असते, पण आत कॅपची (विगच्या आतल्या टोपीची) इलॅस्टिक पट्टी, मानेजवळचे दाट वेफ्ट (केस शिवलेल्या पट्ट्या) आणि कानांजवळची शिवण ओलसर असते. बोटं केसांच्या वरून न फिरवता विग उलटा करून आतून दाबून पाहा. गार लागलं तर तो अजून ओला आहे. मुंबईच्या जुलैत रात्रभर टांगलेला विगही सकाळी आतून दमट असू शकतो. अशा वेळी ड्रायर 'कूल'वर किंवा सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून, वीतभर अंतरावरून, मुळाकडून टोकाकडे हवा सोडा. उलट दिशेने हवा मारली की केस फुलतो, अडकतो.

आणि कान उघडे ठेवा. पहिली बट पट्ट्यांत धरल्यावर 'चर्र' आवाज आला तर तिथेच थांबा. हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस वाचवणारा) स्प्रे मारल्या-मारल्या स्ट्रेटनर लावला तरी हाच आवाज येतो, कारण त्या स्प्रेमध्येही पाणी असतं. स्प्रे ओलसर केसाला मारायचा, विंचरून पसरवायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच मशीन चालू करायचं.

खोबरेल तेल

केस कोरडा वाटला की हात तेलाच्या बाटलीकडे जातो, हे आपल्या घरांतलं वळणच आहे. विगला मात्र तेल नको, आणि गरम करण्याआधी तर मुळीच नको. तेल लावलेली बट पट्ट्यांमध्ये धुमसते, पट्ट्यांवर चिकट थर बसतो आणि तो थर पुढच्या प्रत्येक बटेला लागतो. शिवाय हाताने गाठी मारून जाळीत केस बसवलेल्या विगमध्ये तेल मुळाशी गेलं की गाठी निसटायला लागतात आणि केस गळतो. हलकं सीरम, तेही मधल्या भागापासून टोकांपर्यंत, स्टायलिंग झाल्यानंतर दोन थेंब, एवढं पुरे.

कर्ल टिकत नाही म्हणून पुन्हा पुन्हा तापवणं

केसातल्या केराटिन या प्रथिनात हायड्रोजन बंध असतात. उष्णता किंवा पाणी लागलं की ते सुटतात आणि केस थंड, कोरडा झाला की नव्या आकारात पुन्हा जुळतात. कर्ल पक्का होतो तो रॉडवर (केस गुंडाळून कुरळे करायच्या गरम दांड्यावर) नव्हे, रॉडवरून उतरल्यानंतर थंड होताना. बट रॉडवरून काढून तशीच खाली सोडली की स्वतःच्या वजनाने ती गरम असतानाच लांबते, आणि आपण रॉडला दोष देऊन वीस अंश वाढवतो. त्याऐवजी बट गुंडाळलेलीच तळहातावर उतरवा, मुळाशी क्लिप लावा आणि सगळं डोकं पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. कंगवा त्यानंतर.

पावसाळ्यात कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत कर्ल संध्याकाळपर्यंत टिकत नाही, यात तुमची चूक नाही. हवेतला दमटपणाच ते बंध सोडवतो. त्यावर जास्त उष्णता हा उपाय नसतो, कारण दुसऱ्या दिवशी हवा तीच असते. चार महिने रोलर वापरा. केस किंचित ओलसर असताना फोमचे रोलर गुंडाळा, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या आणि मग सोडा. उष्णता शून्य, आणि कर्ल रॉडपेक्षा जास्त टिकतो असा अनुभव बऱ्याच जणींना येतो. लग्नसराईत महत्त्वाचा दिवस असेल तर आदल्या रात्री रोलर लावून ठेवा, सकाळी फक्त समोरच्या दोन बटांना रॉड पुरतो.

आणखी एक गोष्ट. कारखान्यात वाफेने कुरळा केलेला विग वारंवार सरळ केला, तर तो कुरळेपणा मोडतो आणि धुतल्यावरही परत येत नाही. कधी सरळ, कधी कुरळा असं हवं असेल तर मुळात सरळ किंवा हलक्या लाटांचा विग घेणं शहाणपणाचं.

विग डोक्यावर ठेवूनच, किंवा थर्मोकोलच्या डोक्यावर

केमोथेरपीनंतर विग वापरणाऱ्यांची टाळू हुळहुळी झालेली असते. केस गेल्यामुळे उष्णता अडवायला मध्ये काहीच नसतं, असते ती फक्त पातळ नेट. त्यांनी विग डोक्यावर ठेवून स्ट्रेटनर किंवा रॉड अजिबात वापरू नये, दुसऱ्या कुणाकडूनही करून घेऊ नये. अलोपेशियामुळे (केस गळण्याच्या विकारामुळे) विग घेणाऱ्यांनाही हेच लागू.

टेबलावर काम करायचं तर थर्मोकोलचं डोकं स्वस्त असतं, पण ते १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. गरम रॉड टेकला की त्यात खळगा पडतो आणि वितळलेलं थर्मोकोल केसांना चिकटतं. कापडी डमी आणि टेबलाला लावायचा क्लॅम्प घ्या, विग टी-पिनांनी पक्का करा. विग हलला नाही की हातही चुकत नाही. दोन बोटं रुंद एवढीच बट घ्या, कंगवा पुढे आणि स्ट्रेटनर मागे असा एकदाच, न थांबता ओढा. एकाच बटेवरून तीन-चारदा फिरवावं लागतंय, याचा अर्थ बट जाड घेतली आहे.

मुळापासून एक इंच अंतर सोडा. लेस आणि मोनोफिलामेंट, म्हणजे केस ज्यांत गुंफतात त्या पातळ जाळ्या, नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या असतात. पट्टी टेकली की जाळी आक्रसते, तिथल्या गाठी वर ओढल्या जातात आणि कपाळाजवळची रेघ लपवणं अशक्य होतं. पुरुषांच्या हेअर पॅचमध्ये पॉलियुरेथेनची पातळ कातडी आणि टेप किंवा गोंद असतो. रोज सकाळी गरम ड्रायर थेट कपाळावर मारला की गोंद सैल होतो, कडेने ओघळतो आणि दोष मात्र टेपला दिला जातो.

विग घालून फोडणी देताना किंवा ओव्हनचं दार उघडताना मागे सरका. समोरच्या बटा अशाच करपतात, आणि ते लक्षात येतं आरशात.

बिघडल्यावर काय करता येतं

मानेजवळचा केस पिंजारला असेल तर कारण बहुधा उष्णता नसून घर्षण असतं: ब्लाउजचा गळा, शर्टाची कॉलर, मंगळसूत्र. तिथे कंडिशनर लावून रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवा, वाळल्यावर १२० अंशांवर एकदाच स्ट्रेटनर फिरवा.

सगळाच विग राठ झाला असेल आणि घरात बोअरवेलचं पाणी असेल, तर केसांवर क्षार बसलेत का ते आधी पाहा. एकदा फिल्टरच्या पाण्याने, क्षार काढणाऱ्या शाम्पूने धुऊन भरपूर कंडिशनर लावा. फरक पडला तर स्ट्रेटनरची गरजच नव्हती.

करपलेली टोकं कोणत्याही मास्कने जुळत नाहीत. मास्कने ती काही दिवस गुळगुळीत लागतात इतकंच. अर्धा-एक इंच कापून घ्या, पण विग डोक्यावर असताना आणि विग कापायची सवय असलेल्याकडूनच. एका बाजूचा वेफ्ट पूर्ण गेला असेल तर विग शिवणारे कारागीर तेवढा वेफ्ट उसवून नवा लावून देतात. हाताने गाठी मारलेल्या विगमध्ये तेवढ्या जागी नवे केस गुंफता येतात, खर्च जास्त येतो. लेस वितळली असेल तर भोक बुजवण्यापेक्षा समोरची पट्टी बदलणं बरं. दुरुस्तीला विग देताना विग धुतलेला, कोरडा आणि सीरम न लावलेला द्या. चिकट केसांत सुई नीट चालत नाही.