जर्मनीत राहून मराठीत प्रार्थना कशी चालू ठेवायची आणि रविवारी चर्चला कुठं जायचं

जय ख्रिस्त सगळ्यांना. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तीन-चार मुलामुलींनी मला एकच गोष्ट विचारली, कोणी नगरचं, कोणी संगमनेरचं, एकजण वसईची, सगळे शिकायला नाहीतर नोकरीला इकडं येणारे, की ताई तिकडं चर्च मिळतं का, मराठी उपासना असते का, आपण एकटेच पडतो का. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. मी श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात अकरा वर्षं राहते, त्यामुळे हे सगळं इथल्या अनुभवातून आहे, बाकी राज्यांत थोडंफार वेगळं असेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. प्रार्थना मराठीतच ठेवा, पण मंडळी, म्हणजे चर्च, जिथं राहताय तिथलीच धरा. मी पहिली दोन वर्षं उलटं केलं, रविवारी घरीच मोबाईलवर नगरची उपासना लावायची आणि इथल्या चर्चकडं फिरकायचंच नाही, आणि मग झालं काय की हळूहळू ती मोबाईलवरची उपासनापण भाजी चिरता चिरता ऐकायला लागले आणि एक दिवस ऐकायचीच राहिली.

आता पहिलं काम, जे घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत करावं लागतं. घर मिळालं की गावाच्या ऑफिसात आनमेल्डुंग करायचं, म्हणजे पत्ता नोंदवायचा. त्या फॉर्मवर धर्माचा एक रकाना असतो आणि आपण काही विचार न करता तो भरून टाकतो. पण त्यावर तुमचा चर्च टॅक्स ठरतो, किर्शनश्टॉयर म्हणतात त्याला. बायर्न (बव्हेरिया) आणि आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तो 8 टक्के, बाकी राज्यांत 9 टक्के. हे टक्के पगाराचे नाहीत, इन्कम टॅक्सचे आहेत, हे नीट लक्षात घ्या कारण खूप जण इथंच घाबरतात. समजा महिन्याला तुमचा 600 युरो इन्कम टॅक्स कापला जातो, तर इथं चर्चचे 48 युरो जातील आणि हेसेन किंवा बर्लिनमध्ये 54. वर्षाचं टॅक्स रिटर्न भरताना ती रक्कम दाखवता येते, त्यामुळे थोडा फायदा परत मिळतो. कॅथलिक असाल तर बाप्तिस्मा वसईत झालेला असो की नागपुरात, इथंही तुम्हाला कॅथलिकच धरतात. आपल्या सीएनआयसारख्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतून आलेल्यांनी 'एव्हांगेलिश' म्हणजे प्रोटेस्टंट लिहिलं की इथल्या प्रांतीय चर्चचे सभासद धरले जातात. फ्रायकिर्शं म्हणजे ज्या स्वतंत्र मंडळ्या असतात त्यांचं काम बहुतेक दानावरच चालतं, तिथं हा टॅक्स नसतो.

काही जण पैसे वाचवायला 'धर्म नाही' असं लिहितात. मला ते पटत नाही, ज्याच्या नावानं आईवडिलांनी आपल्याला वाढवलं ते नाव सरकारी कागदावर नाकारायचं हे मला जमलं नसतं. पण माहिती नसताना भरू नका एवढंच सांगते. फॉर्म भरायच्या आधी जवळच्या चर्चच्या ऑफिसला मेल करा, पाळकांशी बोला, ते लोक खूप शांतपणे समजावतात. नंतर नाव काढायचं तर त्याची वेगळी प्रोसेस असते, इथं श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्म-लग्न नोंदणीच्या ऑफिसात जावं लागतं, काही राज्यांत कोर्टात. आणि हो, उपासनेला आलेल्याला दारात कोणी विचारत नाही की टॅक्स भरतोस का.

मग चर्च शोधणं. गावातल्या चर्चच्या बाहेर एक काचेची पेटी असते, त्यात येणाऱ्या रविवारची वेळ लिहिलेली असते, साधारण साडेनऊ किंवा दहा. वेळेला पक्के, दहा म्हणजे दहा, घंटा थांबली की ऑर्गन सुरू. पहिल्या रविवारी तुम्हाला धक्का बसेल हे आधीच सांगते. आपल्याकडं नाताळला बाहेर मांडव घालावा लागतो एवढी माणसं, आणि इथं तीनशे माणसांच्या चर्चमध्ये तीस जण, त्यातले पंचवीस सत्तरीच्या पुढचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मागच्या बाकावर बसून रडले होते, मला वाटलं ज्या देशातून ल्यूथर आला तिथं हे असं? पण लगेच मत बनवू नका. माझा सल्ला असा की सलग चार रविवार जा, एकाच बाकावर बसा आणि उपासना संपल्यावर पळू नका, किर्शनकाफे म्हणजे उपासनेनंतरची कॉफी असेल तर थांबा. आपण खेडेगावात नवीन सून आली की जसं बघतो ना तसं ते पहिले दोन आठवडे नुसतं बघतात, तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी बोलतंच. माझ्या बाबतीत पांढऱ्या केसांच्या एक आजी होत्या, मला गेझांगबुखमधलं, म्हणजे गीतांच्या पुस्तकातलं पान सापडेना तर त्यांनी उठून येऊन स्वतःचं उघडलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि माझं घेऊन गेल्या. भिंतीवर लाकडी फळीवर गाण्यांचे नंबर लावलेले असतात ते आधी बघून ठेवायचे आणि पानांत कागदाचे तुकडे घालायचे, ही युक्ती पण त्यांचीच.

भाषा येत नाही म्हणून जायचं थांबवू नका. बरीचशी उपासना ओळखीची वाटते कारण क्रम तोच आहे, गीत, कबुली, शास्त्रवाचन, संदेश, दानार्पण, आशीर्वाद. शास्त्रवाचन कुठलं आहे ते कळलं की मोबाईलवर मराठी बायबल उघडून तोच अध्याय वाचायचा, यूव्हर्जनच्या ॲपमध्ये मराठी आहे. आणि एक गोष्ट मला इथं फार आवडते. आमच्या इथं प्रभूची प्रार्थना सुरू झाली की वर मनोऱ्यात घंटा वाजते, प्रार्थना संपेपर्यंत, म्हणजे जे घरी आजारी आहेत त्यांनापण कळतं की आत्ता सगळे हे म्हणताहेत. तेव्हा मी हळू आवाजात मराठीत म्हणते, हे आमच्या स्वर्गातील पित्या. सगळे जर्मनमध्ये, मी मराठीत, आणि आमेन एकत्रच येतं. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं काय म्हणतेस, मी सांगितलं, तेव्हापासून त्या माझ्या आमेनसाठी थांबतात.

याबद्दल कोणाला संकोच वाटत असेल तर पंडिता रमाबाईंची आठवण ठेवा. त्या 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटिज गावात सिस्टर्सकडं (नन्सकडं) राहिल्या, तिथंच बाप्तिस्मा घेतला, पण तिथंही शाकाहारीच राहिल्या, आणि क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत का नको असं त्यांनी सिस्टर्सना पत्रातून स्पष्ट विचारलं. परत आल्यावर पुढं आयुष्यभराच्या कामातून हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल त्यांनी मराठीत आणलं. म्हणजे परदेशात जाऊन श्रद्धा घट्ट करायची आणि भाषा आपली सोडायची नाही हे आपल्यातल्याच एका बाईनं एवढ्या वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे, आपल्याला फक्त मोबाईल उघडायचाय.

घरची प्रार्थना कशी ठेवायची ते सांगते, कारण खरी गडबड तिथंच होते. भारत आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. आमच्या घरी नगरला रात्री आठला प्रार्थना व्हायची, ती इथं दुपारी साडेतीन-साडेचारला यायची आणि मी ऑफिसात. शेवटी आईनंच वेळ बदलली, आता तिकडं रात्री साडेनऊ, इथं हिवाळ्यात पाच आणि उन्हाळ्यात सहा. रोज नाही जमत, आम्ही मंगळवार आणि शुक्रवार ठरवलाय, पंधरा मिनिटं, एक स्तोत्र, एक गाणं, प्रार्थना, बास. थोडक्यात ठेवलंत तर टिकतं. फोनवर एकत्र गाणं म्हणायला जाऊ नका, आवाज मागंपुढं होतो, एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी आपला माईक बंद करून म्हणायचं.

बाकीच्या दिवशी एकटे असाल तर मोठ्यानं प्रार्थना करा. मनातल्या मनात केली की दोन मिनिटांत ऑफिसचे विचार येतात, आणि परदेशात दिवसभर मराठी शब्द तोंडातून निघतच नाही, तर निदान देवाशी तरी निघू दे. मुलं असतील तर अजून महत्त्वाचं. माझी मुलगी किंडरकिर्शेला (चर्चमधल्या मुलांच्या उपासनेला) जाते, शाळेत रिलिगिओनचा म्हणजे धर्मशिक्षणाचा तास असतो, त्यामुळे फाटरउन्सर, म्हणजे जर्मनमधली प्रभूची प्रार्थना, तिला माझ्याआधी पाठ झालं. मराठी प्रार्थना मी झोपताना तिच्याकडून एकेक ओळ करून घेतली, दोन महिने लागले, अर्थ जर्मनमध्ये सांगायचा आणि शब्द मराठी. आता आजीसमोर म्हणते तेव्हा आजी फोनच्या तिकडं गप्प होते.

मराठी मंडळींची भजनं करायची असतील तर शहरात चार-पाच कुटुंबं सापडतात, आम्ही दोन महिन्यांतून एकदा जमतो, कॅथलिक, सीएनआय, सगळे, आपल्या गावी कधी एकत्र बसले नसतो असे. ढोलकी आणि टाळ असतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगातून ख्रिस्त गायला शिकवलं ते आपल्या हाडात आहे, ते ऑर्गनवर भागत नाही. फक्त नियम पाळा, रात्री दहानंतर आवाज अजिबात नाही, रविवारचा दिवस पूर्ण शांततेचा, त्यामुळे शनिवारी दुपारी ठेवा आणि दोन दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावा की अमुक वेळी गाणी होतील. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा चिठ्ठी वाचून स्वतःच वर आले होते ऐकायला.

लोक विचारतील, तुम्ही इंडियन मग ख्रिश्चन कसे. जर्मन लोक विचारतात आणि आपले इंडियनपण विचारतात. चिडू नका, सरळ सांगा. मी सांगते की अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईला आलं, 1831 मध्ये आमच्या नगरला, माझ्या पणजोबांच्या आधीपासून आम्ही या मंडळीत आहोत. मराठी मंडळाच्या गणपतीला बोलावलं तर मी जाते, स्वयंपाकाला हात लावते, आरतीच्या वेळी मागं शांत उभी राहते, कोणाला वाईट वाटलेलं नाही आणि माझ्या मनालाही टोचत नाही. ज्याचं त्यानं ठरवावं.

आता जे सगळ्यात अवघड आहे ते. घरून वाईट बातमी येते तेव्हा काय करायचं. माझे पप्पा फेब्रुवारीत गेले, पहाटे तीनला फोन आला, आणि आपल्याकडं दफन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, फ्रँकफर्टहून मुंबई आणि तिथून नगर, पोचणं शक्यच नव्हतं. मी व्हिडिओ कॉलवर बघितलं, मध्येच नेटवर्क गेलं आणि माती देताना मला फक्त आवाज आला. मला तेव्हा माहीत नव्हतं ते तुम्हाला सांगते. सकाळ झाली की इथल्या पाळकांना फोन करा, लाजू नका, ते घरी येतात. आमचे आले, त्यांनी मला मराठीत स्तोत्र 23 वाचायला सांगितलं आणि स्वतः नुसते ऐकत बसले. पुढच्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत नाव घ्यायला सांगा. ऑफिसात विचारा, आईवडील गेल्यावर बऱ्याच कंपन्यांत दोनेक दिवस पगारी सुट्टी मिळते. आणि नोव्हेंबरची वाट बघा. अ‍ॅडव्हेंटच्या (नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) आधीचा शेवटचा रविवार एविगकाइट्सझोनटाग असतो, त्या दिवशी वर्षभरात गेलेल्यांची नावं वेदीपुढं वाचतात आणि प्रत्येक नावाला एक मेणबत्ती लावतात. मी ऑफिसात जाऊन विचारलं की माझे वडील इथले नव्हते, चालेल का. त्यांनी फक्त नावाचा उच्चार कसा करायचा ते लिहून घेतलं. त्या रविवारी पप्पांचं नाव वाचलं गेलं, थोडं चुकीचं, पण पूर्ण, आडनावासकट, आणि त्या आजी माझा हात धरून बसल्या होत्या. नगरच्या दफनाला मी नव्हते, पण निरोप द्यायची जागा मला इथं मिळाली.

त्यानंतर आठवड्यानं अ‍ॅडव्हेंट लागतो, चार रविवार, चार मेणबत्त्या, दुपारी साडेचारला अंधार, आणि घराची आठवण सगळ्यात जास्त याच दिवसांत येते. तेव्हा फराळ करा. इथला नाताळ 24 तारखेच्या संध्याकाळी असतो, दुकानं त्या दिवशी दुपारीच बंद होतात, 25 आणि 26 दोन्ही सुट्टी. म्हणून करंज्या 22-23 लाच करून टाका. मैदा म्हणजे टाइप 405 लिहिलेलं गव्हाचं पीठ, साजूक तुपाऐवजी ब्युटरश्माल्ट्स, सुकं खोबरं कोकोसराशपेल नावानं मिळतं, रवा म्हणजे वाइत्सेनग्रीस, पिठीसाखर पुडरत्सुकर, वेलची सुपरमार्केटमध्ये महाग असते ती एशियन दुकानातून घ्या, चकलीची भाजणी मात्र घरूनच आणा. दोन डबे जास्तीचे भरा, एक पाळकांच्या घरी आणि एक त्या बाकावर जे कोणी तुमच्या शेजारी बसतं त्यांच्याकडं. आणि सामान शनिवारीच आणून ठेवा, रविवारी सगळी दुकानं बंद असतात.