माळावर दुर्बिणीचं वाय-फाय तुटतं तेव्हा

गेल्या मार्गशीर्ष अमावास्येला वांगणीच्या माळावर वीसेक मुलं रांगेत उभी होती आणि मृगातल्या तेजोमेघाकडे वळता वळता माझी दुर्बीण मध्येच थांबली. ती मी फोनमधल्या ॲपवरून, वाय-फायनं फिरवते. फोन म्हणतो, कनेक्शन नाही. दहा मिनिटं मी फोनच बंद-चालू करत बसले. मुलं थंडीत ताटकळली, त्याची रुखरुख अजून आहे. म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी फोनमधली वाय-फायची यादी उघडा. माउंटचं, म्हणजे दुर्बिणीखालच्या तिला फिरवणाऱ्या मोटरवाल्या बैठकीचं, नाव यादीत आहे का? असेल, तर गडबड फोनमध्ये आहे. नावच गायब असेल, तर फोनला हात लावू नका, वीज बघा. मी नेमकं हेच केलं नाही.

त्या रात्री दोष बॅटरीचा होता. बसल्या जागी ती साडेबारा व्होल्ट दाखवायची, पण दोन्ही मोटरी जोरात फिरल्या की साडेदहावर यायची. तेवढ्यानं वाय-फायचा मोड्यूल बंद पडून पुन्हा सुरू होतो. म्हणून व्होल्टेज मोटर फिरत असतानाच मोजा. दुर्बीण वळताना वायर ताणली जाऊन पिन ढिली होते, तेही तपासा. वायरला सैल वळसा ठेवून ती तिपाईला बांधून टाका. आणि वीज एकदा गेली की माउंट आपली दिशा विसरतं. व्याध आणि ब्रह्महृदय हे तारे धरून अलाइनमेंट, म्हणजे दिशांची जुळणी, पहिल्यापासून करायची.

आता फोन. माउंट स्वतःचंच वाय-फाय सोडतं, त्यात इंटरनेट नसतं. फोनला वाटतं हे नेटवर्क निकामी, आणि तो गुपचूप मोबाईल डेटावर जातो. उपाय सोपा: एअरप्लेन मोड लावा, मग फक्त वाय-फाय सुरू करा. ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का?’ असं विचारलं तर हो म्हणा. जीपीएस बहुतेक फोनांत तरीही चालतं, त्यामुळे ॲपला तुमचं ठिकाण कळतं. व्हीपीएन (फोनचं नेटवर्क दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारं ॲप) असेल तर बंद करा.

जोडलेलं दिसतंय, पण ॲपला दुर्बीण सापडत नाही? मग परवानग्या बघा. आयफोनमध्ये २०२०च्या आयओएस १४ पासून ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी वेगळी द्यावी लागते, पहिल्यांदा घाईत ‘नको’ दाबलं की ॲप आंधळं होतं. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन ती चालू करा. अँड्रॉइडवर लोकेशन, आणि नव्या फोनांत ‘जवळची उपकरणे’. हेही ठीक असेल तर फोनला मिळालेला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, पाहा. माझं माउंट १९२.१६८.४.१ वर असतं, म्हणजे फोनचा पत्ताही १९२.१६८.४ नेच सुरू व्हायला हवा. १६९.२५४ दिसलं तर नेटवर्क ‘विसरा’ करून नव्यानं जोडा.

नेटवर्कला पासवर्ड जरूर ठेवा. एकदा एका उत्साही पालकांनी तेच ॲप घेऊन स्वतःच्या फोनवरून जोडलं होतं, आणि दोन फोन एकाच दुर्बिणीला दोन दिशांना बोलावत होते.

हे सगळं घरी गच्चीवर, दिवसाउजेडी एकदा करून पाहा. आणि माउंटला वायरनं जोडायचा, बटणांनी दुर्बीण फिरवणारा हँडसेट पिशवीत असू द्या. पाच मिनिटांत फोन जोडला गेला नाही तर हँडसेट लावून मी सरळ पुढे जाते, रांगेतलं पहिलं मूल तेवढ्यात डोळा लावून तयार असतं.