वरून हिरवं दिसणारं जंगल आतून मोजताना

उष्णकटिबंधीय जंगलांचे उरलेले तुकडे किती खराब झाले आहेत हे मोजायला येणारी बहुतेक मुलं आधी उपग्रह प्रतिमा उघडून बसतात. तिथूनच सुरुवात करा. लँडसॅट उपग्रहांच्या ३० मीटरच्या किंवा सेंटिनेल-२च्या १० मीटरच्या चौकटीत (प्रतिमेच्या एका ठिपक्यात) साफ तोडलेली जागा लगेच कळते. ऱ्हास मात्र सहज कळत नाही. निवडून मोठी झाडं नेली आणि त्या जागी वेली आणि मऊ लाकडाची झाडं माजली, तरी वरून सगळं हिरवंच. दाट पानोऱ्यावर एनडीव्हीआयचा, म्हणजे प्रतिमेतून हिरवेपणा मोजणाऱ्या निर्देशांकाचा, आकडा एका मर्यादेपुढे फारसा हलत नाही. उलट पानगळीच्या जंगलाची उन्हाळ्यातली प्रतिमा घेतली, तर धडधाकट जंगलही खराब दिसतं.

मग तुकड्याचा आकार बघा. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ १९७९ साली जीवशास्त्रज्ञ टॉम लव्हजॉय यांनी सुरू केलेल्या प्रयोगात १, १० आणि १०० हेक्टरांचे तुकडे वर्षानुवर्षं मोजले गेले. काठावर वारा आणि कोरडी हवा आत शिरते, मोठी झाडं मरतात. हा परिणाम १०० मीटर आत जातो असं धरलं, तर १०० हेक्टरांच्या चौरसात ६४ हेक्टर गाभा उरतो, १० हेक्टरांच्या चौरसात जेमतेम १.३५ हेक्टर आणि १ हेक्टरात काहीच नाही. लांबट, वेड्यावाकड्या तुकड्यात त्याहून कमी. हा हिशेब प्रत्येक तुकड्यासाठी स्वतः करा.

खरं काम जमिनीवर. काठापासून आत रेषा आखून प्लॉट, म्हणजे मोजणीचे ठरावीक चौकोन, टाका. १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर सगळेच मोजतात. माझा आग्रह रोपांचा आहे. मोठ्या बियांच्या झाडांखाली आणि त्यांच्यापासून लांब, त्यांची रोपं आहेत का? मोठी झाडं उभी आहेत, पण लांबवर एकही रोप नाही, तर बिया नेणारे पक्षी-प्राणी गेलेले असण्याची शक्यता मोठी. अशी झाडं आज मोजणीत भरतात, पण त्यांची पुढची पिढी नाही. ही गोष्ट कुठलाही उपग्रह सांगत नाही. त्यासाठी रोप ओळखणारा स्थानिक माणूस सोबत हवा, आणि त्याचं नाव अहवालात कामाच्या वाटेकऱ्यांमध्ये यायला हवं.

तुलनेसाठी त्याच पावसाचं, त्याच मातीचं, कमी छेडलेलं जंगल शोधा. आग कधी लागली, लाकूड कधी गेलं, हे आसपासच्या वयस्कर लोकांना विचारा. उपाय कारणावर ठरतो. कोस्टा रिकात ग्वानाकास्ते इथे जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून मुख्यतः गवताच्या आगी थांबवल्या, आणि जवळच्या जंगलातून आलेल्या बियांनी रान पुन्हा उभं राहिलं. बी येण्याची वाट शाबूत असेल तिथे रोपवाटिकेवर पैसा घालवू नका. तो पैसा, जिथे बी पोचूच शकत नाही, तिथे लावा.

आणि प्लॉटच्या कोपऱ्यांवर टिकाऊ खुंट रोवा, झाडांना क्रमांकाच्या पट्ट्या लावा. दाट छत्राखाली जीपीएस बऱ्याच मीटरांनी चुकतं, आणि पाच वर्षांनी येणाऱ्याला नेमकं तेच झाड सापडायला हवं.