एकट्याने हॉरर शॉर्ट फिल्म बनवताय? या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात राजापूरकडच्या आजोळच्या बंद घरात मी सात मिनिटांची हॉरर फिल्म शूट केली. कॅमेऱ्यामागे पण मीच आणि पुढे पण मीच. पाच रात्री शूट केलं आणि त्यातल्या दोन रात्रींचं फुटेज काहीच कामाला आलं नाही. आता ओळखीतली दोन-तीन पोरं फेस्टिव्हलसाठी असंच काहीतरी करायच्या तयारीत आहेत आणि सगळ्यांचे प्रश्न तेच आहेत, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

अंधार शूट करायला जाऊ नका

माझी पहिली रात्र यातच गेली. हॉरर आहे म्हणजे अंधार हवा, म्हणून माजघरातले सगळे लाईट बंद, हातात एक टॉर्च आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडण्याची संवेदनशीलता, १२,८०० ला नेऊन ठेवलेला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर अप्रतिम दिसत होतं. सकाळी लॅपटॉपवर बघितलं तर भिंतीवर नुसते रंगीत ठिपके वळवळतायत आणि चेहरा म्हणजे चिखल. रात्री आपले डोळे अंधाराला सरावलेले असतात त्यामुळे तीच छोटी स्क्रीन झगझगीत वाटते आणि आपण फसतो. म्हणून स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा आणि विश्वास हिस्टोग्रामवर ठेवा, म्हणजे फ्रेममध्ये काळं किती आणि उजळ किती हे दाखवणाऱ्या आलेखावर. सगळा डोंगर डावीकडच्या, म्हणजे काळ्या बाजूच्या, भिंतीला चिकटलेला असेल तर तो शॉट नंतर एडिटमध्ये रंग-उजेड सुधारून (ग्रेडिंगने) पण वाचत नाही.

अंधार दाखवायला आधी उजेड लागतो. फ्रेममध्ये कुठेतरी एक खरा उजेड असू द्या, कंदील, देवघरातली समई, अर्धवट उघड्या दारातून येणारी पट्टी, काहीही. मग तो उजेड जिथून येतोय त्याच बाजूने फ्रेमबाहेर एक एलईडी लावा, थेट चेहऱ्यावर मारू नका, थर्माकोलवर नाहीतर पांढऱ्या भिंतीवर बाउन्स करा आणि बाकी खोलीत काळे कपडे टांगून उजेड अडवा. आयएसओ आटोक्यात ठेवून एवढं केलं की काळा भाग खरंच काळा येतो. बाहेरचे रात्रीचे शॉट सूर्य मावळल्यावरच्या वीस-पंचवीस मिनिटांत उरकून घ्या, आकाश निळं असतं, माडांची आणि कौलांची कड दिसते आणि थोडं अंडर एक्स्पोज केलं की रात्रच वाटते. रोज तेवढाच वेळ मिळतो त्यामुळे दिवसाला दोन शॉटच्या वर ठरवू नका.

धूर हवा असेल तर मशीन भाड्याने आणायची गरज नाही, धुपाटण्यात नारळाच्या सोडणाचा विस्तव करून ऊद टाकला की उजेडाचा झोत हवेत दिसायला लागतो. फक्त खोली पूर्ण बंद करून तासभर आत बसू नका, बंद खोलीत विस्तवाचा विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो. टेक झाला की दार-खिडक्या उघडायच्या आणि स्वतःही बाहेर यायचं.

पट्ट्या आणि ऑटो

फुटेजमध्ये आडव्या पट्ट्या सरकताना दिसतायत? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि स्वस्त एलईडी बल्बमध्ये हे जास्तच होतं. शटर १/५० सेकंदाला ठेवा, फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची असो की २५ ची. १/६० वर पट्ट्या सहज येतात. १/५० ला पण येत असतील तर दोष बल्बचा आहे, बल्ब बदला.

मोबाईलवर करताय तर त्याहून मोठी चूक म्हणजे सगळं ऑटोवर ठेवणं. टॉर्च फ्रेममध्ये आला की चित्र काळं पडतं, गेला की हळूहळू उजळतं आणि भीती तिथेच संपते कारण प्रेक्षकाला मोबाईल दिसायला लागतो. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस तिन्ही लॉक करा. शिवाय बरेच मोबाईल फ्रेम रेट स्वतःच खाली-वर करत राहतात, मग वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज सुरुवातीला जुळतो आणि दोन-तीन मिनिटांनी ओठ पुढे आवाज मागे. ब्लॅकमॅजिक कॅमेरा अॅप फुकट आहे, त्यात फ्रेम रेट ठरवून देता येतो. शूट आधीच झालं असेल तर एडिटला घेण्याआधी हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये टाकून कॉन्स्टंट, म्हणजे न बदलणाऱ्या, फ्रेम रेटला कन्व्हर्ट करून घ्या, एडिट झाल्यावर सुधारायला गेलात तर प्रत्येक कट परत लावावा लागतो.

एकट्याने फोकस

आपण कॅमेऱ्यापुढे गेल्यावर फोकस कोण बघणार? जिथे उभं राहायचंय तिथे स्टुलावर केरसुणी उभी करा, बरोबर चेहऱ्याच्या उंचीला, तिच्यावर फोकस लावा, मॅन्युअलला लॉक करा, जमिनीवर खडूने खूण करा आणि केरसुणी काढून तिथे उभे राहा. दर टेकनंतर झूम करून तपासा. मी सहा टेक सलग घेतले आणि मग बघितलं, सहाच्या सहा आउट. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला शॉट नंबर तोंडाने बोला आणि एक टाळी वाजवा, चित्र आणि आवाज जुळवताना (सिंक) तीच टाळी लागते.

एकट्यानेच दोन माणसं

याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण एकट्या माणसाच्या हातातलं हे सगळ्यात भारी शस्त्र आहे आणि बहुतेक जण ते घाईत बिघडवतात. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट, एकदा तुम्ही ओटीवर बसलेले शूट करायचं, मग कपडे बदलून तुम्हीच मागच्या दारात उभे, आणि एडिटमध्ये दोन्ही अर्धे जोडायचे. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात जोड दिसतो तो तीन कारणांनी. एक म्हणजे दोन टेकमध्ये कोणीतरी कॅमेऱ्याला हात लावलेला असतो, रेकॉर्ड बटण दाबलं तरी फ्रेम एक-दोन पिक्सेल सरकते, म्हणून रेकॉर्डिंग बंदच करू नका, एकाच लांब क्लिपमध्ये दोन्ही भूमिका करा. दुसरं, सावली. दारातल्या माणसाची सावली ओटीवर पडत असेल तर ती जोडापाशी कापली जाते आणि डोळा तिथेच जातो. तिसरं म्हणजे हलती ज्योत. कंदिलाचा थरथरता उजेड दोन्ही अर्ध्यांवर पडत असेल तर डावीकडची भिंत थरथरते एका लयीत आणि उजवीकडची दुसऱ्या, अशा शॉटला स्थिर उजेडच लागतो.

जोड नेहमी खांबावर किंवा दाराच्या चौकटीवर ठेवा. जुन्या कोकणी घरात लाकडी खांब भरपूर, जणू यासाठीच ठेवलेत.

गोष्ट निवडताना पण याचा विचार करा. पांढरी साडी, मोकळे केस, मेकअप हे सगळं एकट्याने करायला गेलं की स्वस्त दिसतं. आपल्याकडे चकवा आहे ना! ओळखीची वाट, माणूस चालत राहतो आणि परत त्याच फणसापाशी येतो. ना दुसरा नट लागत ना मेकअप, लागतं एक झाड जे प्रेक्षकाच्या लक्षात राहील. डेव्हिड सँडबर्ग नावाच्या स्वीडिश माणसाने २०१३ साली बायकोला घेऊन स्वतःच्या फ्लॅटमध्ये तीनेक मिनिटांची फिल्म केली, त्यात सगळी भीती एका दिव्याच्या बटणावर उभी होती, आणि पुढे हॉलिवूडमध्ये त्यावर पूर्ण सिनेमा निघाला. एकच कल्पना घ्या आणि तीच पिळा.

आवाज

चित्र थोडं कच्चं असलं तर चालून जातं, आवाज कच्चा असेल तर फिल्म पहिल्या मिनिटातच सुटते. कोकणात रात्री शूट करताना सगळ्यात मोठा त्रास रातकिड्यांचा. एका शॉटमध्ये किर्र चालू, पुढच्यात अचानक बंद, कट केलं की प्रत्येक कट ऐकू येतो. मी नॉईज रिडक्शन लावून ते घालवायला गेलो तर माझा आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा झाला. उपाय उलटा आहे. प्रत्येक जागेवर शूट संपलं की दोन मिनिटं काही न करता नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा आणि एडिटमध्ये तो अख्ख्या सीनखाली पसरवा, कट बऱ्यापैकी बुजतात. आणि मग हवा तिथे तो हळूच काढून घ्या. चार मिनिटं कानात असलेले रातकिडे एकदम थांबले की अंगावर काटा येतो, कुठलंही म्युझिक ते करत नाही.

फ्रिज, पंखा, इन्व्हर्टरची घूं हे सगळं बंद करून शूट करायचं, बाईकची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची म्हणजे निघताना फ्रिज परत चालू करायचं राहत नाही. पावलं, कडी, रहाटाची करकर, कौलावर पडलेलं पान हे दुपारी निवांत वेगळं रेकॉर्ड करा, माइक अगदी जवळ नेऊन. रेकॉर्डिंग मीटरवर लेव्हल वजा १२ डेसिबलच्या आसपास, किंकाळीचा टेक असेल तर अजून खाली. किंकाळी एकदा फाटली की गेली.

म्युझिक यूट्यूबवरून उचलू नका. लायसन्स स्पष्ट लिहिलेलं असेल तेच घ्या आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. मागे रेडिओवर जुनं गाणं वाजतंय हा सीन सगळ्यांना सुचतो पण गाण्याचे आणि रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे असतात आणि दोन्ही लागतात.

रात्री एकटे आहात हे विसरू नका

जुन्या घरात, परसात बूट घालूनच फिरा, रत्नागिरीकडे फुरसं हा विषारी साप सर्रास सापडतो आणि तो पालापाचोळ्यात दिसत नाही. विहिरीच्या काठावर एकट्याने शॉट घेऊ नका, कितीही चांगला दिसत असला तरी. शेजारी आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा, बंद घरात रात्री दोन वाजता टॉर्च फिरताना दिसला तर लोक काठ्या घेऊन येणार आणि त्यात त्यांची काही चूक नाही. घरी कोणालातरी ठरलेल्या वेळेला फोन करायचा, केला नाही तर त्यांनी शेजाऱ्यांना उठवायचं.

फेस्टिव्हलला पाठवताना

नियम शूटच्या आधी वाचा. लांबी बहुतेक ठिकाणी टायटल-क्रेडिट धरून मोजतात. काही फेस्टिव्हलना आधी ऑनलाइन टाकलेली फिल्म चालत नाही, त्यामुळे उत्साहात यूट्यूबवर टाकू नका. इंग्लिश सबटायटल दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या. दर महिन्याला डझनभर अवॉर्ड वाटणारे आणि कुठे स्क्रीनिंग होतं हे न सांगणारे फेस्टिव्हल असतात, तिथे फी भरण्यापेक्षा ते पैसे माइकला घाला.

पाठवण्याआधी फिल्म मित्राच्या घरी टीव्हीवर, दुपारी, पडदे न लावता बघा. निवड करणारा माणूस अंधाऱ्या थिएटरमध्येच बघेल याची काही खात्री नाही, कदाचित ऑफिसमधल्या लॅपटॉपवर बघेल, आणि त्याला दारातला माणूस दिसलाच नाही तर घाबरणार कशाला? मी हे केल्यावर दोन शॉट उजळवले. आणि लिंक पाठवली की निकाल लागेपर्यंत तिचा पासवर्ड बदलू नका, फाइल हलवू नका, दुसऱ्या मोबाईलवरून लॉगआउट राहून ती उघडते का हे एकदा स्वतः बघा.