पॉवरपॉईंटवर वर्गकृती बनवताना या चुका टाळा

तापीच्या उपनद्यांवरची ही स्लाईड घ्या. प्रश्न आहे, ‘सातपुड्यातून येऊन तापीला उजव्या काठाने मिळणारी नदी कोणती?’ पर्याय गिरणा, बोरी, पांझरा आणि अनेर. मूल ‘बोरी’वर क्लिक करतं आणि हिरवी होते ‘अनेर’! नाहीतर क्लिक चौकटीच्या जरा बाहेर पडतं आणि थेट पुढची स्लाईड उघडते. मुलाला विचार करायची संधीच मिळत नाही.

ॲनिमेशन दिलं, ट्रिगर राहिला

नुसतं ‘ऑन क्लिक’ ॲनिमेशन दिलं की पडद्यावर कुठेही क्लिक करा, रांगेतलं पुढचं ॲनिमेशन चालतं. कोणत्या चौकटीवर बोट ठेवलं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ते जोडायचं काम ट्रिगर करतो.

आधी ऑल्ट आणि एफ 10 दाबून सिलेक्शन पेन, म्हणजे स्लाईडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी, उघडा आणि प्रत्येक चौकटीला नाव द्या: गिरणा, बोरी, पांझरा, अनेर. ‘रेक्टँगल 7’, ‘रेक्टँगल 9’ अशी नावं तशीच ठेवली तर ट्रिगर हमखास चुकीच्या चौकटीला लागतो. मग ‘अनेर’ला एम्फसिस (उठाव देणाऱ्या) ॲनिमेशनमधलं ‘फिल कलर’ द्या आणि हिरवा रंग निवडा. बाकी तिघींना एक्झिट (नाहीसं करणाऱ्या) ॲनिमेशनमधलं ‘फेड’ द्या. आता ॲनिमेशन्स टॅबमध्ये ट्रिगर, मग ‘ऑन क्लिक ऑफ’ (म्हणजे ‘अमक्यावर क्लिक केल्यावर’), आणि त्याच चौकटीचं नाव निवडा. चुकीचा पर्याय विरून जातो, बरोबर उत्तर मात्र उघड होत नाही. उरलेल्यांतून मुलाला पुन्हा निवडावं लागतं. म्हणूनच आम्ही ‘चूक!’ असा लाल शेरा देण्यापेक्षा हीच पद्धत सुचवू.

चौकटींचे ग्रुप मात्र ॲनिमेशन द्यायच्या आधीच करा. नंतर ग्रुप केला तर सुट्या चौकटींना दिलेली ॲनिमेशन्स उडतात.

बाहेर पडलेलं क्लिक

ट्रान्झिशन्स टॅबमध्ये ‘ऑन माऊस क्लिक’ची खूण काढा आणि ‘अप्लाय टू ऑल’ करा. आता चुकार क्लिकने स्लाईड हलणार नाही. बाण-कळा चालू राहतील. प्रत्येक स्लाईडवर ‘पुढे’ बटण ठेवा, त्याला इन्सर्ट, ॲक्शनमधून ‘नेक्स्ट स्लाईड’ जोडा. मुलं स्वतः कीबोर्ड हाताळणार असतील तर सेट अप स्लाईड शोमध्ये ‘ब्राउज्ड ॲट अ कियॉस्क’ निवडा. त्यात बाण-कळाही बंद होतात, म्हणून एकाही स्लाईडवर बटण विसरलात तर एस्केप दाबण्यावाचून इलाज नाही.

नकाशावर क्लिक करून जिल्हा ओळखायचा असेल, तर जिल्ह्यांवर अदृश्य चौकटी ठेवताना ‘नो फिल’ नको. सॉलिड फिल द्या आणि ट्रान्स्परन्सी 100 टक्के करा.

उत्तर नेहमी चौथंच

एक स्लाईड जमली की कंट्रोल-डी करून तिच्या प्रती काढायच्या आणि मजकूर बदलायचा, हे सोयीचं आहे. पण अशाने बरोबर उत्तर प्रत्येक वेळी त्याच जागी येतं, आणि मुलांच्या ते चटकन लक्षात येतं. मजकूर बदलल्यावर चौकटी ओढून त्यांच्या जागा अदलाबदल करा. ॲनिमेशन आणि ट्रिगर चौकटीबरोबरच जातात.

पर्यायही विचार करून निवडा. वरच्या प्रश्नात ‘गंगा’ घातली असती तर ती कोणीच निवडली नसती. गिरणा, बोरी, पांझरा तिन्ही तापीच्याच उपनद्या आहेत, पण डाव्या काठाच्या. त्यामुळे चुकलेल्या उत्तरावरून कळतं की मूल काठाची दिशा विसरलं.

घरी चालतं, शाळेत नाही

मराठी मजकूर कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल आणि शाळेच्या संगणकावर तो फाँट नसेल, तर अक्षरांच्या जागी रोमन खिचडी दिसते. युनिकोडमध्ये टाईप करा. मंगल किंवा निर्मला यूआय चालेल.

इंटरनेटवरून चालणारा व्हिडिओ नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगावकडे ऐन तासाला अडकू शकतो. फाईल आधी उतरवून ‘धिस डिव्हाईस’मधून स्लाईडमध्येच घाला. फाईल जड झाली तर इन्फोमधलं ‘कॉम्प्रेस मीडिया’ वापरा.

घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या लहान मुलांसाठी प्रत्येक पर्यायाशेजारी त्यांच्या बोलीतला आवाज जरूर ठेवा. प्लेबॅकमध्ये स्टार्ट ‘व्हेन क्लिक्ड ऑन’ करा, नाहीतर आवाज क्लिकच्या रांगेत जाऊन बसतो.

गूगल स्लाईड्समध्ये ट्रिगर नाहीत. तिथे फाईल उघडणार असाल तर प्रत्येक पर्यायाला लिंक द्या: एक ‘बरोबर’ स्लाईडकडे, बाकी ‘पुन्हा विचार कर’कडे. लिंक अक्षरांना न देता चौकटीला द्या. टच पॅनलवर ‘माऊस ओव्हर’ची करामत उपयोगाची नाही, कारण बोट नुसतं वर धरून काही होत नाही. आणि बोट ओढलं की स्लाईड पुढे सरकते, म्हणून मुलांना ‘टेकव आणि उचल’ असं आधीच दाखवा.

एक जण पॅनलवर, बाकीचे बघे

इथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. प्रश्न आला की आधी सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं, पाट्या वर करायच्या, मगच एकाने क्लिक करायचं. त्यासाठी 30 सेकंदांची पट्टी बनवा: लांब आयत, एक्झिटमधलं ‘वाईप’, ड्युरेशन 30, स्टार्ट ‘आफ्टर प्रीव्हियस’.

तासाच्या आदल्या दिवशी फाईल शाळेच्याच यंत्रावर एफ 5 दाबून चालवा, आणि प्रत्येक स्लाईडवर आधी मुद्दाम चुकीच्या जागी क्लिक करा, मग चुकीच्या पर्यायांवर, शेवटी बरोबर उत्तरावर.